कन्या प्रशालेची पाटी

पुण्या-कोल्हापूरकडचा पाहुणा बीडकडे आला की एका पाटीपाशी हमखास अडखळतो: ‘जिल्हा परिषद कन्या प्रशाला’. जिल्हा परिषद म्हणजे सातवीपर्यंतची मराठी शाळा, एवढंच त्याला ठाऊक. हायस्कूल काढायचं ते ‘रयत शिक्षण संस्थे’नं, नाहीतर गावातल्या एखाद्या सोसायटीनं. मग मुलींची दहावीपर्यंतची शाळा जिल्हा परिषदेकडे आली कुठून?

निजामाच्या राज्यातून. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होतं. खासगी शाळांवर सरकारची करडी नजर असे. मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी विद्यालय उभं राहिलं, स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते. पण अशी उदाहरणं मोजकीच. एरवी हायस्कूल म्हणजे सरकारी आणि माध्यम उर्दू. मुलाला नोकरीसाठी उर्दू शिकवत. मुलीला कशाला, असा तेव्हाचा सरळ हिशेब. 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर मराठी माध्यम आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर सरकारी हायस्कुलं त्यांच्याकडे वर्ग झाली. निजामाचा वारसा म्हणून आपण गढ्या दाखवतो. ही पाटीही त्यातलीच.

आता ‘मुलींची वेगळी शाळा हवीच कशाला?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. तत्त्व म्हणून मलाही एकत्र शिक्षणच पटतं. पण सातवीनंतर पोरीला तालुक्याला पाठवायचं का, हे तत्त्वावर ठरत नाही. शाळा मुलींचीच आहे का, बाई आहेत का, एसटी किती वाजता परत येते, यावर ठरतं. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास दप्तरात असतो. पण पाचची गाडी चुकली की दुसऱ्या दिवशी घरात विषय निघतोच.

दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी कोयते बाहेर पडतात. आईबाप उसाच्या फडावर, आजी थकलेली. मग वयात आलेल्या पोरीला ठेवायचं कुणाकडे? लग्नं तेव्हाच उरकली जातात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं.

म्हणून पटसंख्या घटली की कन्या प्रशाला शेजारच्या शाळेत मिसळायला निघणाऱ्यांना एकच विनंती आहे. जूनचा पट बघू नका, जानेवारीतला हजेरीपट मागवा. कोणत्या गावच्या मुली तेव्हाही येतात, तेवढं वाचा आणि मग सही करा.