श्रमोत्तर शिरःशूल : मेंदूतील सिस्ट व रक्तस्राव

मराठवाड्यात तालमीची परंपरा जुनी आहे. हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल लातूर जिल्ह्याने दिला. आज नांदेड-लातूरच्या मैदानांवर पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावणे व गोळाफेक यांचा कसून सराव चालतो. असे तरुण शिरःशूल घेऊन आपल्याकडे येतात. बहुतेकांत ऊन, उपवास वा अतिश्रम हेच कारण असते. तथापि एक विरळ, परंतु प्राणघातक ठरू शकणारे कारण वैद्यबंधूंनी ध्यानात ठेवावे.

मेंदूच्या अरॅक्नॉइड आवरणात काहींना जन्मतःच मस्तिष्कद्रवाने भरलेली सिस्ट असते. ती बहुधा शंखप्रदेशी, व पुरुषांत अधिक आढळते. बहुतेकांना आयुष्यभर तिचा त्रास होत नाही. मात्र सिस्टच्या भिंतीवरील नाजूक सिरांना पुरेसा आधार नसतो. श्वास रोखून भार उचलताना शिरातील सिरांचा दाब वाढतो, कुस्तीत वा धावताना हादरे बसतात आणि क्वचित सीर फाटते. रक्त ड्युरा आवरणाखाली हळूहळू साठते. म्हणून लक्षणे कित्येकदा दिवसांनी वा आठवड्यांनी प्रकटतात. डोक्यास मार लागल्याचा इतिहास नसणे हा निर्वाळा नव्हे.

अष्टांगहृदयात अर्धशक्तीनेच व्यायाम सांगितला असून अतिव्यायामाच्या दुष्परिणामांत रक्तपित्त व छर्दी यांची गणना आहे. हे मेंदूतील रक्तस्रावाचे वर्णन नव्हे. पण अतिश्रम व रक्तस्राव यांचा संबंध आचार्यांनी जाणला होता, हे निश्चित. चरकांनी शिर त्रिमर्मांत गणले आहे.

श्रमानंतर सुरू होऊन वाढत जाणारे, पहाटे वा खोकताना बळावणारे शिरःशूल, वारंवार छर्दी, दुहेरी दिसणे, तंद्रा, आकडी, एका अंगाची दुर्बलता यांपैकी काहीही दिसल्यास पित्तज शिरःशूल समजून पथ्यादि क्वाथावर दिवस काढू नयेत. वमन वा नस्य योजू नये. औषधी विक्रेत्यांनीही अशा ग्राहकास शिरःशूलादिवज्र रस वा ॲस्पिरिन देऊन परत पाठवू नये. ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. रुग्णास त्वरित सीटी स्कॅनसाठी विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, अशा मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

साठलेले रक्त कवटीला छिद्र पाडून वेळीच काढल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. लक्षणे नसताना तपासणीत योगायोगाने सिस्ट आढळल्यास भयभीत होण्याचे कारण नाही. मात्र कुस्ती वा भारोत्तोलन मेंदूशल्यविशारदांच्या सल्ल्यानेच करावे. शल्यकर्मानंतर बल्य-रसायन चिकित्सा आपल्या हाती आहेच. त्यापूर्वी वेळ दवडू नये, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे आहे.