थंडी अँटेनाला सोसते, दव सोसत नाही

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने उपग्रह-इंटरनेटसाठी स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. दुर्गम भाग म्हणून तेव्हा गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव यांच्या जोडीने वाशिमचंही नाव घेतलं गेलं. समृद्धी महामार्ग ज्या जिल्ह्यातून जातो तो दुर्गम कसा, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. याच वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात घराच्या छतावर स्टारलिंकची डिश बसली, तर पहिल्या हिवाळ्यात तिचं काय होईल?

या उपकरणांच्या माहितीपत्रकांत हिवाळा म्हणजे बर्फ. स्टारलिंकची डिश उणे ३० ते अधिक ५० अंश सेल्सिअस तापमानात चालेल अशी बनवली आहे, आणि साचलेला बर्फ वितळवायला ती स्वतःला तापवू शकते. कॅनडातल्या मराठी कुटुंबाला ही सोय हवीच. पण विदर्भात कडाका म्हणजे किती? नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला, तर त्याची बातमी झाली. एवढ्या थंडीत इलेक्ट्रॉनिक्स उलट खुशीत असतं. त्याची खरी परीक्षा मे महिन्यात, तापलेल्या टिनांवर. म्हणून अ‍ॅपमधली बर्फ वितळवण्याची सोय धनजमध्ये बंद ठेवावी. डिश एरवीच साधारण ७५ ते १०० वॅट वीज घेते; रात्री लाइन गेली की सगळा भार इन्व्हर्टरवर येतो. आपल्याकडे बर्फ पडतो तो गारांचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये वाशिम, बुलडाणा, जालन्याने तो पाहिला आहे, आणि त्याच्यावर डिश तापवणं हा इलाज नाही.

आपल्या हिवाळ्यात त्रास देतं ते पाणी. निरभ्र रात्री आकाशाकडे तोंड करून असलेली वस्तू आपली उष्णता वर फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होते. म्हणूनच अंगणातली मोटारसायकल ओलीचिंब होते आणि पोर्चमधली कोरडी राहते. हरभऱ्यावर रात्री धोतर पसरून सकाळी आंब, म्हणजे आंबट दव, पिळून घेणाऱ्यांना एका रात्रीत किती दव पडतं हे सांगायला नको. सुरू असलेली डिश स्वतःच्या विजेने कोमट राहते, तिच्यावर ते फारसं टिकत नाही. टीव्हीच्या साध्या छत्रीवर मात्र टिकतं. आणि तिथेच अडतं: कोरडा बर्फ उपग्रहाच्या सूक्ष्मलहरींना जवळजवळ अडवत नाही, पण पाण्याचा पातळसा थर त्यांना शोषतो. धुक्याची भीती तेवढी नको. त्यातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, आणि उपग्रहाकडून येणारी लहर सुमारे अडीच सेंटिमीटरची; एवढासा थेंब तिला फारसा अडवत नाही.

दवाचं खरं नुकसान केबलच्या सांध्यांमध्ये होतं. हे सांधे ज्यात असतात तो दुपारी ३० अंशांवर तापलेला बंद डबा पहाटे १० अंशांवर आला, की आतल्या हवेचा दाब साडेसहा टक्क्यांच्या आसपास घटतो. मग फटीतून बाहेरची ओलसर हवा आत ओढली जाते आणि तिचं पाणी आतच जमतं. असं रोज होतं. फेब्रुवारीपर्यंत कनेक्टरवर हिरवट गंज चढलेला असतो, आणि आपण कंपनीच्या नावाने खडे फोडत असतो. त्यामुळे सगळीकडून सिलिकॉन थापणं हा शहाणपणा नाही. डब्याच्या तळाशी बारीक भोक हवं. केबल खालून आत जावी, आणि त्याआधी तिला खाली झोल द्यावा म्हणजे थेंब तिथेच गळून पडेल. जोडांवर साध्या काळ्या टेपऐवजी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. लोखंडी खांब आखडून अँटेना हलेल ही शंका पोकळ आहे. तीन मीटरचा खांब २० अंशांच्या फरकाने पाऊण मिलिमीटरसुद्धा आखडत नाही.

यातलं काहीच उपयोगी पडत नाही असा बिघाडाचा एक प्रकार उरतो. त्याचा उपग्रहाशी संबंध नाही. तो टॉवरकडून येणाऱ्या इंटरनेटचा आहे. पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार, ही भूगोलाच्या पुस्तकातली तापमानाची विपरीतता. अशा थरांमध्ये रेडिओलहरी जमिनीकडे वाकतात आणि एरवी पोहोचल्या नसत्या अशा शेकडो किलोमीटरवर जातात. काही ४जी आणि बहुतेक ५जी जाळ्यांत टॉवर एकाच कंप्रतेवर आळीपाळीने बोलतो आणि ऐकतो. मधे अगदी छोटी उसंत असते. दूरच्या टॉवरची लहर ती उसंत संपल्यावर पोहोचते, नेमकी आपला टॉवर ऐकत असताना. मोबाइलवर कांड्या पूर्ण, पण नेट ढिम्म! ऊन चढलं की थर मोडतो आणि सगळं सुरळीत होतं.

तेव्हा पान्हा घेऊन छतावर चढण्याआधी घड्याळ पाहावं. बिघाड पहाटेचा असेल आणि ऊन तापल्यावर आपोआप जात असेल, तर कारण बहुधा हवेत आहे. अँटेनाची दिशा फिरवलीत तर दुपारचं चांगलं चालणारं नेटही जाईल. दुपारीही रखडत असेल, तर सगळ्यात आधी कनेक्टर उघडून पाहा.