हृदयाचं दार अडकतं तेव्हा

लेक्चर तिसऱ्या मजल्यावर आहे. ग्रुपमधली एक मैत्रीण दुसऱ्या मजल्यावरच थांबते, कठड्याला टेकते आणि म्हणते, 'तुम्ही व्हा पुढे.' आपण तिची टिंगल करतो. घरचे म्हणतात, हिमोग्लोबिन कमी असेल, खजूर खा, जागरणं बंद कर. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण कधी कधी रक्त तपासून झालं, खजूर खाऊन झाले तरी दम लागायचा थांबत नाही. मग एखादे डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, जरा जास्तच वेळ ऐकत राहतात आणि चिठ्ठीवर लिहितात, टू-डी इको.

हार्टचा आजार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अटॅक, अँजिओप्लास्टी आणि साठीतले काका येतात. मी हा विषय डेस्कवर मांडला तेव्हा 'युवा पानावर आजी-आजोबांचा विषय कशाला?' हाच पहिला प्रश्न आला. उत्तर सरळ आहे. हृदयाच्या झडपेचा एक आजार आपल्या देशात शाळा-कॉलेजच्या वयातच दार ठोठावतो. त्यावर एकच एक उपाय नाही, पाच-सहा वाटा आहेत. कुठली घ्यायची हे जसं इकोच्या रिपोर्टवर ठरतं, तसंच तुम्ही पुढची चाळीस वर्षं कशी जगणार आहात यावरही ठरतं. म्हणून हे तुम्हाला माहीत हवं.

आधी थोडं बायोलॉजी, अगदी कामापुरतं. फुफ्फुसांतून ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात येतं आणि तिथून खालच्या कप्प्यात उतरतं. या दोन कप्प्यांमधलं दार म्हणजे मायट्रल व्हॉल्व्ह. त्याला दोन पाती असतात आणि ती बारीक दोऱ्यांनी खाली बांधलेली असतात, म्हणजे उलटी उघडणार नाहीत. वसईत किंवा गोव्यात मोठ्या सणाला बिशपांच्या डोक्यावर दोन पात्यांची उंच टोपी पाहिली असेल तर तिचं नाव 'मायटर'. झडपेचं नाव तिच्यावरूनच पडलं. हे दार दिवसाला साधारण एक लाख वेळा उघडतं आणि मिटतं.

बिघाड दोन प्रकारचा. दार पुरतं उघडत नाही, त्याला स्टेनोसिस म्हणतात. दार पुरतं मिटत नाही आणि रक्त उलटं गळतं, त्याला रिगर्जिटेशन म्हणतात. काहींना दोन्ही असतं. दोन्हींत रक्त मागे तुंबतं, फुफ्फुसांतला दाब वाढतो आणि दम लागतो. निरोगी झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडतं. ते दीड चौरस सेंटिमीटरवर आलं की आजार गंभीर धरतात.

श्रीमंत देशांत हा आजार मुख्यतः उतारवयात होतो. आपल्याकडे तरुणांच्या बाबतीत संशयित नंबर एक आहे रुमॅटिक फीवर. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घसा दुखतो आणि बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे सुजतात. तेही जातं. पण जिवाणूशी लढायला निघालेली शरीराची फौज चुकून हृदयाच्या झडपेवरही चालून गेलेली असते. मग वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. आत मात्र पाती जाड होत जातात, कडांना एकमेकींना चिकटतात. दाटीच्या घरात हा घसा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून गरिबीशी या आजाराचं नातं घट्ट आहे.

कुणाच्या रिपोर्टवर 'मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स' असं लिहून आलं असेल तर लगेच गूगल करून घाबरू नका. शंभरात दोन-तीन जणांना तो असतो. त्यातल्या बहुतेकांना ठरावीक काळाने इको करण्यापलीकडे काही लागत नाही.

आता वाटा. पहिली वाट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. दुखतं, खरंच दुखतं. त्याने बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही, पण पुन्हा घसा, पुन्हा ताप आणि झडपेवर पुन्हा हल्ला हे चक्र थांबतं. झडपेत बिघाड राहिला असेल तर हे इंजेक्शन किमान दहा वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, यातलं जे लांब पडेल तोपर्यंत घ्यायला सांगतात. आता विचार करा, बारावी होते, मूल हॉस्टेलला जातं, गावातला नेहमीचा दवाखाना सुटतो. परीक्षेच्या काळात एक तारीख चुकते, मग दुसरी. पहिल्याच सेमिस्टरला नव्या शहरात इंजेक्शनचं ठिकाण शोधणं हे मेस शोधण्याइतकंच तातडीचं काम आहे.

लघवीच्या आणि ठोके कमी करणाऱ्या गोळ्या दम कमी करतात, दार उघडत नाहीत. हृदयाचे ठोके अनियमित झाले असतील तर वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते. त्यासाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी लागते. पंचविशीतला लकवा असाही येतो.

दुसरी वाट आहे बलूनची. तिची आधीची गोष्ट थोडी सांगायलाच हवी. १९२५ मध्ये लंडनच्या हेन्री सूटार या सर्जनने एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून झडप तपासली आणि मोकळी करायचा प्रयत्न केला. मुलगी वाचली. पण त्यानंतर फिजिशियन मंडळींनी त्याच्याकडे असा एकही पेशंट पाठवला नाही! हे काम पुन्हा नीट सुरू व्हायला १९४८ उजाडलं. पुढे जपानच्या कांजी इनोउए यांनी बोटाच्या जागी फुगा आणला. १९८४ मध्ये त्यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छोटं छिद्र पाडून डावीकडे जातात आणि चिकटलेल्या पात्यांच्या मधोमध फुगा फुगवतात. चिकटलेल्या कडा सुटतात आणि दाराचं तोंड बरेचदा जवळपास दुप्पट होतं. छाती उघडावी लागत नाही, पेशंट सहसा जागा असतो आणि दोन-तीन दिवसांत घरी जातो.

मग सगळ्यांनाच बलून का नाही? कारण तो चिकटलेलं दार सोडवतो, गळकं दार बुजवत नाही. उलट गळती असेल तर ती वाढू शकते. पाती फार जाड किंवा चुना साठून कडक झालेली असतील, वरच्या कप्प्यात गुठळी असेल, तर बलून नको म्हणतात. आणखी एक, दार पुढे पुन्हा अरुंद होऊ शकतं. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा बलून किंवा ऑपरेशन लागलं तर आधीचं वाया गेलं असं समजू नका. विशी-तिशीतली ती वर्षं स्वतःच्या झडपेवर काढता आली, हीच मोठी कमाई.

तिसरी वाट दुरुस्तीची. गळक्या झडपेसाठी हे ओपन हार्ट ऑपरेशन होतं. जास्तीचा भाग कापतात, तुटलेल्या दोऱ्यांच्या जागी नव्या लावतात, भोवती रिंग बसवतात. पॅरिसच्या आलँ कार्पेंतिए यांनी हे शास्त्र घडवलं. जमलं तर हे बदलीपेक्षा चांगलं, कारण झडप आपलीच राहते आणि जन्मभर रक्त पातळ करायची गोळी सहसा लागत नाही. पण रुमॅटिक फीवरने खाल्लेली पाती दुरुस्त करणं अवघड असतं आणि टिकेलच असं नसतं. म्हणून 'तुमच्याकडे वर्षाला अशा किती दुरुस्त्या होतात?' हे सर्जनला विचारायला लाजू नका. छाती न उघडता पात्यांना क्लिप लावायची पद्धतही आली आहे; ती मुख्यतः ऑपरेशन न झेपणाऱ्या वयस्क पेशंटसाठी आहे आणि खूप महाग आहे.

उरली बदली. खरी घालमेल इथे होते.

कृत्रिम झडपा दोन जातींच्या, मेकॅनिकल आणि टिश्यू. मेकॅनिकल झडपांत आपल्या देशाची एक झकास गोष्ट आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या टीमने भारतीय झडप बनवायला घेतली. आधीचे आराखडे फसले. शेवटी डिसेंबर १९९० मध्ये चित्रा व्हॉल्व्ह पहिल्यांदा पेशंटला बसवला गेला. धातूच्या चौकटीत हलणारी प्लॅस्टिकची चकती, एवढाच तो साधा दिसतो. बनवते टीटीके हेल्थकेअर, म्हणजे तुमच्या घरचा प्रेस्टिज कुकर ज्या समूहाचा, त्याच समूहातली कंपनी. आजवर एक लाखाहून जास्त बसवले गेले आणि परदेशी झडप न परवडणारी कितीतरी घरं त्यामुळे सावरली.

मेकॅनिकल झडप दशकानुदशकं टिकते. किंमत वेगळ्या रूपात मोजायची. तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरीन किंवा तसली गोळी रोज, जन्मभर घ्यायची. डोस बरोबर आहे का हे पाहायला आयएनआर नावाची रक्ततपासणी करायची. मायट्रल जागी तो साधारण २.५ ते ३.५ दरम्यान हवा. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. मेथी, पालक बंद करायची नसते, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असंही चालत नाही. श्रावणात किंवा नवरात्रात जेवण एकदम बदललं की आकडा हलतो. मेडिकलमधून आणलेली पेनकिलर, कुणी दिलेला काढा, साधं अँटिबायोटिक, काहीही तो हलवू शकतं. 'टेस्ट न लागणाऱ्या नव्या गोळ्या आहेत ना?' आहेत, पण मेकॅनिकल झडपेला चालत नाहीत. त्यातल्या डॅबिगॅट्रानवरचा अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव जास्त दिसल्यामुळे मध्येच थांबवावा लागला होता.

टिश्यू झडप गाय किंवा डुकराच्या ऊतींपासून बनते. (हे काही घरांत अडचणीचं ठरतं. आधीच विचारून घ्या.) तिला जन्मभर वॉरफरीन लागत नाही, सुरुवातीचे काही महिने पुरतात. पण वय जितकं कमी तितकी ती लवकर झिजते. विशीत बसवली तर पुढे दुसरं ऑपरेशन जवळपास ठरलेलं. म्हणूनच तरुण पेशंटला सहसा मेकॅनिकल सुचवतात.

पण तो तरुण पेशंट मुलगी असेल तर? वॉरफरीनमुळे गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळात व्यंग येऊ शकतं. गोळी बंद केली तर आईच्या झडपेवर गुठळी येऊ शकते. मधला मार्ग हेपरिनच्या इंजेक्शनांचा, पण तो किचकट आहे आणि पूर्ण निर्धोकही नाही. त्यामुळे मूल हवं असणाऱ्या काही मुली, पुढे दुसरं ऑपरेशन होणार हे माहीत असूनही, टिश्यू झडप निवडतात. यात चूक-बरोबर असं उत्तर नाही. मात्र हा प्रश्न ऑपरेशनआधी, खुद्द त्या मुलीशी बोलून सुटला पाहिजे. आई-बाबा आणि डॉक्टर बोलतायत, ती बाहेर बाकावर बसली आहे, असं नको.

आणि स्थळं बघताना छातीवरचा व्रण लपवायचा सल्ला देणारे नातेवाईक असतातच. व्रण लपेल एक वेळ. पण नव्या घरात गोळी लपवून घ्यायची वेळ आली की ती चुकते. मेकॅनिकल झडपेवर चुकलेल्या गोळ्या जीवावर बेततात. लग्नाआधी सांगण्यामागे प्रामाणिकपणापेक्षाही साधं कारण आहे: फ्रिजवर आयएनआरचा कागद उघड चिकटवता यायला हवा.

त्यामुळे डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा आपलं खरं टाइमटेबल सांगा. गावापासून आयएनआर करणारी लॅब किती लांब आहे? फील्डवरची नोकरी आहे का? कबड्डी खेळता, बाइक चालवता? मूल हवंय, कधी? झडपेची निवड याही गोष्टींवर होते.

पैशांचं थोडक्यात. बलून आणि झडप बदलणं महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा. घरात १८ वर्षांपर्यंतचं भावंड असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या आजारांच्या यादीत रुमॅटिक हृदयविकार आहे, शाळेतल्या तपासणीत सांध्यांची सूज आवर्जून सांगा.

एक छोटी, पण सगळ्यांकडून राहून जाणारी गोष्ट. कृत्रिम झडप असेल तर दाढ काढायला किंवा रूट कॅनालला गेल्यावर खुर्चीत बसण्याआधीच डेंटिस्टना ते सांगा. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू नयेत म्हणून अँटिबायोटिकचा एक डोस आधी घ्यावा लागतो. जिभेवर पिअर्सिंग करायचा बेत असेल, तर स्टुडिओत जाण्याआधी कार्डिऑलॉजिस्टना विचारा. बहुतेक ते नकोच म्हणतील.