राउटर बंद पडला? आधी ॲडॅप्टर तपासा

दुकानातील किंवा कारखान्यातील इंटरनेट बंद पडले की आपले व्यापारी बंधू पहिला दोष लाइनला देतात, दुसरा राउटरला. पुष्कळदा दोन्ही निर्दोष असतात. खरा दोष असतो तो भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचलेल्या काळ्या डबीत, म्हणजे ॲडॅप्टरमध्ये.

आम्हाला हा धडा पैसे मोजून मिळाला. माल भरलेला टेम्पो दारात उभा आणि ई-वे बिल निघेना. राउटरचे दिवे लागत, मिनिटभरात विझत, पुन्हा लागत. शेवटी मुलाने मोबाईलवरून बिल काढून टेम्पो रवाना केला. आम्ही मात्र घाईने नवा राउटर विकत आणला. जुना भंगारात देण्यापूर्वी एका दुरुस्तीवाल्या कारागिराला दाखवला. त्याने दुसरा ॲडॅप्टर जोडला, तर राउटर ठणठणीत!

असे का होते? ॲडॅप्टर 230 व्होल्टच्या एसी विजेपासून 12 किंवा 9 व्होल्टची डीसी वीज तयार करतो. त्यातील कपॅसिटर नावाचा भाग उष्णतेने हळूहळू सुकतो. मग रिकामा असताना ॲडॅप्टर मीटरवर बरोबर 12 व्होल्ट दाखवतो, पण राउटरचा भार पडताच व्होल्टेज खाली येते आणि राउटर पुन:पुन्हा बंद-चालू होतो. हमाल रिकाम्या हाताने चालतो म्हणून गाठ उचलेलच असे नाही. तेव्हा केवळ मीटरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.

तपासणी क्रमाने करावी. दिवा अजिबात लागत नसेल तर त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून वीज आहे का ते पाहावे. एक्स्टेन्शन बोर्ड वगळून थेट भिंतीत लावून पाहावे. राउटरमधील पिन सैल आहे का, वायर कुठे दुमडली आहे का, तेही बघावे. त्यानंतर चांगला चालणारा दुसरा ॲडॅप्टर लावावा. तरीही राउटर चालला नाही, तरच दोष राउटरमध्ये समजावा.

दुसरा ॲडॅप्टर लावताना त्यावरील लेबल वाचावे. ‘आउटपुट’पुढील व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. पिन नीट बसली पाहिजे आणि अधिक-उणे यांचे चिन्हही जुळले पाहिजे. 9 व्होल्टच्या राउटरला 12 व्होल्टचा ॲडॅप्टर लावला तर चांगला राउटरही जळू शकतो.

ज्यांच्याकडे कॅमेऱ्यांना नेटवर्कच्या केबलमधूनच वीज मिळते, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॅमेरे दिवसा चालतात आणि रात्री बंद पडतात, अशी तक्रार असेल तर कॅमेरा बदलण्याची घाई करू नये. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि विजेची ओढ वाढते. समजा, स्विचची एकूण क्षमता 60 वॅट आहे आणि आठ कॅमेरे रात्री प्रत्येकी 8 वॅट घेतात. बेरीज 64 झाली. हिशेब तिथेच चुकला. एक-दोन कॅमेरे काढून पाहावे. बाकीचे टिकले तर कमतरता स्विचच्या पुरवठ्यात आहे.

ॲडॅप्टर किंवा स्विच घरी उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. ते काम कारागिराचेच.

ॲडॅप्टर कापडाच्या ढिगाखाली किंवा कापसाच्या तंतूंत पुरून ठेवू नये. त्याला हवा लागू द्यावी. आणि योग्य लेबलाचा एक जादा ॲडॅप्टर गल्ल्याशेजारी ठेवावा. आम्ही आता ठेवतो. त्याची किंमत नव्या राउटरपेक्षा पुष्कळ कमी आहे, आणि दारात खोळंबलेल्या टेम्पोपेक्षा तर कितीतरी कमी.