काळी एकमधला काळोख

चैत्रातली रात्र होती. गच्चीवर वर्षाचा गहू वाळत घातलेला, त्यावर ताडपत्री ओढायची अजून बाकी होती. भाच्यानं इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं आणि मी ताडकन उठून उभा राहिलो. बाहेर पाऊस लागला होता. नुसती भुरभुर नव्हे, पागोळ्या गळाव्यात असा संथ, ठरलेला पाऊस. वर ढग गडगडला.

‘बसा की मामा,’ तो म्हणाला. ‘पाऊस गाण्यातला आहे.’

वायर तोकडी होती, म्हणून खांद्याला खांदा लावून बसलो. पावसात लांबून घंटा वाजू लागली. देवळातल्यासारखी घाईनं नाही, एक टोला, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. अर्धं मिनिट उलटून गेलं आणि मग गिटार असं कोसळलं की छातीत धस्स झालं. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता.

ते गाणं ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लंडमधल्या चौघांच्या बॅंडचं. गाण्याचं नाव तेच, अल्बमचं नावही तेच. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या एका स्टुडिओत त्यांनी जवळपास सगळा अल्बम एका दिवसात वाजवून टाकला. पाऊस, गडगडाट आणि घंटा मागाहून जोडली. १३ फेब्रुवारी १९७० ला तो बाजारात आला. शुक्रवार होता, आणि तिकडे तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ मानतात. मुखपृष्ठावर टेम्स नदीकाठची जुनी पाणचक्की आणि तिच्यापुढं काळा झगा घातलेली एक बाई. ‘हेवी मेटल’ म्हणून पुढं जे काही झालं, त्याचा उगम बहुतेक जाणकार याच अल्बमपाशी नेऊन ठेवतात.

मी उंब्रजच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवतो. त्यामुळं कुठलंही गाणं कानावर पडलं की बोटं आधी सूर शोधतात. त्या रात्री मांडीवरच शोधले. पेटीवरची पांढरी पाच हा षड्ज धरला, तर त्या गिटारचे सूर तीनच: सा, वरचा सा, आणि तिथून खाली येऊन तीव्र मध्यम. तेवढंच, पुन्हा पुन्हा. तीव्र मध्यम षड्ज आणि तार षड्ज यांच्या अगदी मधोमध पडतो. पंचम हाताशी असून त्याच्यावर पाय टेकू द्यायचा नाही, अशी ही जागा. पाश्चात्त्य संगीतात हे अंतर शतकानुशतकं अवघड, बेचैन करणारं मानलं गेलं. आपल्याकडं मारवा ऐकणाऱ्याला ती बेचैनी नवी नाही. मारव्यात पंचम वर्ज्य, त्यामुळं तानपुऱ्याची पंचमाची तार निषादावर किंवा धैवतावर लावतात आणि षड्जावर येणंही गायक लांबवत राहतो. सूर्य बुडताना घरी कुणी वाट बघणारं नसलं, तर जे वाटतं ते मारव्यात आहे. या तीन सुरांतही तेच आहे, फक्त लोखंडाच्या वजनाचं.

लोखंड हा शब्द मी उगाच वापरत नाही. हे चौघे बर्मिंगहॅमचे, कारखान्यांच्या गावचे. गिटार वाजवणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जॅंगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. जॅंगोचा हात आगीत भाजला होता, दोन बोटं जवळजवळ निकामी होती, तरी तो युरोपातला नामांकित गिटारवादक झाला होता. मग आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि वर कातडं चिकटवलं. त्या टोपणांना तार जाणवत नाही, म्हणून त्यानं पातळ तारा घातल्या. पुढं १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून तारा सैलही सोडल्या. गिटारची सर्वांत जाड तार एरवी पांढरी तीनला लावतात, ती त्यानं थेट काळी एकला उतरवली. आपल्याकडं खड्या आवाजाचे कितीतरी बुवा ज्या पट्टीत गातात ती हीच. सैल तार दाबायला हलकी जाते, पण बोलताना जड, खर्जात बोलते. जगभरच्या पोरांनी पुढं ज्या आवाजाची नक्कल केली, तो एका दुखऱ्या हाताची सोय म्हणून जन्मला. किर्लोस्करवाडीच्या किंवा कुठल्याही फाउंड्रीत उभं राहिलेल्या माणसाला तो आवाज ओळखीचा वाटेल.

आणखी एक गोष्ट भाच्यानं गिटार मांडीवर घेऊन दाखवली, तेव्हा मी चकित झालो. मेटलमध्ये गिटारवर बहुतेक वेळा दोनच सूर एकत्र वाजवतात, सा आणि प, फार तर वरचा सा जोडीला. गंधार घेत नाहीत. कारण ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर आवाज दिला की तो लहरींचे शेंडे छाटतो, आणि त्या छाटण्यातून मूळ सुराचे असंख्य उपस्वर फुटतात. तो फाटका, घरघरता आवाज म्हणजे उपस्वरांची गर्दी. त्या गर्दीत सा आणि प एकमेकांना धरून राहतात. गंधार आला की गचाळ होतं. सा, प आणि वर उपस्वरांची भिंत. चार तारांचा तानपुरा याहून वेगळं काय करतो?

या पहिल्या अल्बमातून पुढं फाटे फुटत गेले. एक संथ, दुःखाचा: इंग्लंडच्या ‘माय डाइंग ब्राइड’नं त्यात व्हायोलिन आणलं. दुसरा नॉर्वेचा, बर्फासारखा गार. तारेवर इतक्या वेगानं आघात की वेगच नाहीसा होऊन नुसती गुंज उरते. त्या नॉर्वेच्या टोळक्यातल्या काहींनी चर्च जाळली, खून केले. १९९२ च्या जूनमध्ये बर्गनजवळचं फॅंटॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जळालं. हे लपवू नये. मुलाच्या खोलीत असं संगीत वाजलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो, त्यामागं अशा बातम्या आहेत. पण मूठभरांच्या गुन्ह्यावरून साऱ्या ऐकणाऱ्यांना तोलणं अन्यायाचं आहे. नॉर्वेच्या त्या संगीताच्याच वाटेवर चेक प्रजासत्ताकातल्या ‘कल्ट ऑफ फायर’नं २०१३ मध्ये एक अल्बम काढला आणि त्याचं नाव चक्क देवनागरीत छापलं: ‘मृत्यु का तापसी अनुध्यान’. युरोपातल्या पोरांना मरणाविषयी बोलायला आपली लिपी आणि आपली काली जवळची वाटली, याचा विचार मी बरेच दिवस करत होतो.

आपल्या महाराष्ट्रातही हे संगीत मुरलेलं आहे. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचा, तिथं पिढ्या तयार झाल्या. आवाजाच्या नियमांनी पुढं ते उघडं रंगमंदिर मुकं झालं. २००० साली साहिल मखिजा या मुंबईच्या तरुणानं ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बॅंड काढला. सुरुवातीच्या कामांमध्ये ‘डार्कनेस’ हा शब्द सारखा येतो, त्यातला ‘द रिटर्न टू डार्कनेस’ २०१० चा. मग २०१७ मध्ये त्यांनी ‘दशावतार’ काढला. दहा अवतार, दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत.

भाच्यानं मला हा अल्बम दोन रात्रींत मिळून ऐकवला. दशावतार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं कोकणातला रात्रभर चालणारा खेळ, संकासुर आणि गॅसबत्ती. इथं त्या जागी ड्रमचा अखंड कडकडाट, मागं वाद्यवृंदासारखा पसरलेला कीबोर्ड, आणि मध्येच गुरगुराट सोडून स्वच्छ, उंच आवाजात येणारी ओळ. नरसिंहाच्या गाण्यात तो गुरगुराट मला पटला. खांब फोडून येणारं जे अर्धं माणूस, अर्धं जनावर आहे, ते कुठल्या सुरात बोलणार? हा गुरगुराट म्हणजे नुसतं ओरडणं नाही. घशात खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन पडद्या असतात, त्यांना कंप देऊन तो काढतात. श्वासाला खालून आधार द्यावा लागतो. ते शिकायला रियाज लागतो, आणि चुकीचं केलं तर घसा बसतो. नववा अवतार तिथं बुद्ध आहे. आपल्या संतांनी त्या जागी विटेवरचा विठ्ठल पाहिला. तर बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत बुद्धाला अवतार मानायलाच नकार आहे. एका मेटल अल्बमातल्या नवव्या गाण्यानं मामा-भाच्यात हा विषय निघाला आणि रात्री दीड वाजेपर्यंत चालला. बहीण गेल्यापासून तो एवढं बोललाच नव्हता.

आता मूळ गोष्टीकडं येतो. दुखवट्याच्या घरी आमचं मंडळ रात्री भजनाला जातं. बहिणीच्या घरीही गेलं. मी पेटीवर होतो. भाचा मात्र माडीवर कानात बोळे घालून पडून होता, आणि मला राग आला होता. आईचं मढं उठून चार दिवस झाले नाहीत आणि हे काय, असं मनात आलं. मी बोललो नाही एवढंच बरं.

नंतर कळलं, तो माडीवर तेच करत होता जे आम्ही ओसरीवर करत होतो. भजन दुःखाला बाजूला सारत नाही. मंडळी येतात, घरच्यांच्या शेजारी मांडी घालून बसतात, मरणाचंच गातात आणि पहाटे उठून जातात. उंब्रजपासून जवळ तारळीकाठी पालीचा खंडोबा आहे, पौषात यात्रा भरते. तिथल्या जागरणात वाघ्याची दिमडी, एकतारी तुणतुणं आणि घाटीची घंटा रात्रभर चालते. एकच सूर, एकच ठेका, घुमत घुमत. ऐकणाऱ्याचं मन हळूहळू त्या घुमण्यात सैल होतं आणि आतलं वर येतं. ‘ब्लॅक सॅबथ’मधली घंटा ऐकताना मला घाटी आठवली, ती अशी. भजनासारखंच ते गाणंही विलंबितात रेंगाळून शेवटाकडं धावत सुटतं, आणि त्या धावण्यात छातीवरचं काहीतरी उतरतं.

दुःखाचं ऐकून बरं का वाटतं, हा प्रश्न आपल्या मातीत जुना आहे. न. चिं. केळकर मिरजेत शिकले, साताऱ्यात वकिली करून मग पुण्याला टिळकांकडं गेले. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. माणूस दुसऱ्याच्या सुखदुःखात शिरतो, तरी आपण आपण असल्याचं भान सुटत नाही. या दोन्हींतून आनंद होतो, असा तिचा आशय. भाच्याच्या बाबतीत मी ते डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या कुणाचं तरी भय, कुणाचा तरी शोक त्याच्या कानात गरजत होता, आणि त्या आडोशाला तो स्वतःच्या शोकाकडं बघू शकत होता. अल्बम संपला की त्याला बाहेर येता येत होतं, आणि मला वाटतं हा भाग फार महत्त्वाचा.

नव्या अभ्यासांतूनही थोडंसं असंच दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलॅंड विद्यापीठाच्या २०१५ च्या एका अभ्यासात मेटल ऐकणाऱ्या १८ ते ३४ वयाच्या ३९ जणांना आधी राग येईल अशा आठवणी काढायला लावल्या, मग निम्म्यांना त्यांच्या आवडीचं मेटल ऐकू दिलं आणि निम्म्यांना शांत बसवलं. ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. शांत बसलेल्यांसारखाच तो उतरला, वर त्यांना अधिक उभारी वाटली. ३९ जणांवरून जगाचा न्याय करता येत नाही, हेही खरं. आणि ज्याचं जेवण तुटलंय, झोप उडालीय, जो माणसांतच यायचा थांबलाय, त्याला गाण्यावर सोडून चालणार नाही. त्याच्याजवळ माणसानंच बसलं पाहिजे, गरज पडली तर डॉक्टरकडं नेलं पाहिजे. मी इअरफोनचं दुसरं टोक घेतलं ते या भीतीपोटीच.

ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बॉर्न २२ जुलै २०२५ रोजी गेला. त्याच्या सतरा दिवस आधी, ५ जुलैला, आपल्याच गावात, बर्मिंगहॅममध्ये, खुर्चीत बसून तो शेवटचं गायला होता. भाच्यानं ती बातमी सांगायला कराडहून फोन केला. आवाज भरला होता. मी म्हटलं, ये दोन दिवस. मिरजेला जाऊ.

मिरजेत गायक अब्दुल करीम खांसाहेबांची कबर आहे, ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात. १९३७ ला ते गेले, आणि उरुसात तिथं अजून गाणं होतं. आधी तिथं गेलो, मग सतारमेकरांच्या गल्लीत. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एका दुकानात कारागीर जवारी काढत बसला होता. घोडीचा माथा कानसेनं किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. घोडीचा माथा असा उतरता हवा की कंप पावणारी तार त्याला सारखी चाटून जावी. त्या चाटण्यातून उपस्वर उठतात. मग त्यानं तारेखाली सुताचा धागा सरकवला. सरकवता सरकवता एका जागी मुकी तार एकदम उघडली आणि दुकानभर गुंज पसरली.

भाचा खाली वाकला. ‘लावू का?’ असं त्यानं हातानंच विचारलं. कारागिरानं मान हलवली. त्यानं भोपळ्याला कान टेकला, डोळे मिटले. कारागीर छेडत राहिला, प, सा, सा, आणि खर्जाचा सा. मी पट्टी ओळखली. काळी एक होती.