दूध-पोळी खाऊन मांजराचं पोट सारखं का बिघडतं?

मांजर डोळे मिटून दूध पितं, ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. पण दूध पिऊन झाल्यावर दोन-चार तासांनी त्याच्या पोटात काय होतं, यावर एकही म्हण नाही. कारण तोवर मांजर परसात गेलेलं असतं आणि आपलं लक्ष नसतं.

आता मात्र लक्ष जायला लागलंय. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावातही मांजर आता घरात, सोफ्यावर आणि इन्स्टाग्रामच्या रीलवर असतं. मग ते सारखं ओकतं, पातळ शी करतं, नाहीतर तीन-तीन दिवस करतच नाही, हे दिसतं. आणि घरातलं मोठं माणूस हमखास म्हणतं, "आमच्या वेळची मांजरं दूध-पोळीवरच तर वाढली, त्यांना काही झालं नाही."

गोम इथंच आहे. ती मांजरं दूध-पोळीवर वाढलीच नव्हती.

मग कशावर वाढली?

आपल्याकडे मांजर घरात आलं ते धान्याच्या पोत्यांसाठी. ज्वारी, तूर, हरभरा घरात भरून ठेवला की उंदीर आलेच. मांजर रात्रभर उंदीर, पाली, पाखरं खायचं आणि सकाळी ताटलीतलं दूध चाटायचं. दूध-पोळी म्हणजे वरचा खाऊ होता, जेवण बाहेर व्हायचं. आता मांजर बंद घरात आलं, उंदीर गेले आणि वरचा खाऊ हेच पूर्ण जेवण झालं. पोटाच्या बऱ्याच तक्रारी इथून सुरू होतात.

मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा भाकरीवर बराच निभावून नेतो, मांजराला ते जमत नाही. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं. ते मांस-मासळीत असतं, पोळी-भातात नसतं, आणि मांजराचं शरीर ते स्वतः पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही खराब होतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 1987 साली 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं की, मांजरांचा हृदयाचा एक जीवघेणा आजार टॉरिनच्या कमतरतेमुळे होतो आणि टॉरिन दिल्यावर सुधारतो. विशेष म्हणजे ती मांजरं कंपन्यांचं तयार खाद्य खात होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं.

अजून एक गंमत. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची चव ओळखणारं त्याचं एक जनुक बंद पडलेलं आहे, हे 2005 मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी शोधलं. म्हणजे दुधात साखर घालून देणारे लोक साखर निव्वळ वाया घालवतात.

दुधाचा नेमका त्रास काय?

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारा लॅक्टेज हा पाचक रस पिल्लांच्या आतड्यात भरपूर असतो. आईचं दूध सुटलं की तो कमी होत जातो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, तिथले जिवाणू ती आंबवतात, म्हणून पोट फुगतं आणि पातळ शी होते. सगळ्याच मांजरांना होतं असं नाही, काही थोडं दूध पचवतात. पण मांजराचं पोट वरचेवर बिघडत असेल तर आठवडाभर दूध बंद करून बघा. फुकटातला उपाय आहे.

मग द्यायचं काय? बिनमिठाचं उकडलेलं, हाड काढलेलं चिकन किंवा उकडलेलं अंडं चालतं. शिजवलेलं हाड देऊ नका, त्याचे टोकदार तुकडे पडतात. सावजी रस्सा कितीही आवडला तरी त्यातलं उरलेलं मटण मांजराला घालू नका. तिखट राहू द्या, त्यातला कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. बाजारातलं सुकट खूप खारट असतं. आणि नुसतं चिकनही पुरत नाही, कारण त्यात कॅल्शियम नगण्य असतं, वाढत्या पिल्लाची हाडं कमजोर होतात. म्हणून मांजरासाठीचं तयार पूर्ण खाद्य जोडीला हवं. कुत्र्याचं नको.

घरात मांस-मासळी चालत नसेल तर? स्पष्टच सांगायचं तर, पाकिटातलं मांजराचं खाद्य तरी घरात येऊ द्यावं लागेल. तेही चालणार नसेल तर मांजर न पाळलेलं बरं. खाद्य बदलताना जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत आठ-दहा दिवस घ्या. एकदम बदललं तरी जुलाब होतात.

उन्हाळा आणि अडकलेलं पोट

मांजराचे पूर्वज वाळवंटी रानमांजर. त्याला तहान कमी लागते, कारण पाणी शिकारीतूनच मिळायचं. उंदराच्या शरीरात साधारण 70 टक्के पाणी असतं, कोरड्या दाणेदार खाद्यात जेमतेम 10 टक्के. त्यात आपल्या विदर्भाचा मे महिना. मग शी कडक होते, अडकते. कोरड्या खाद्यात पाणी घाला, पाण्याच्या दोन-तीन वाट्या वेगवेगळ्या जागी ठेवा.

पण इथं एक मोठी फसगत होते. बोका कोपऱ्यात बसून कुंथतोय, ओरडतोय, काहीच होत नाही, म्हणून लोक एरंडेल पाजतात. अनेकदा शी नाही, लघवी अडकलेली असते. यात बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अंग चाटताना पोटात गेलेल्या केसांचा गोळा महिन्यातून एखाद्या वेळी ओकला तर घाबरू नका. शीत किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे आहेत, औषध लागेल. पिल्लू एकाएकी खाणं सोडून ओकायला, जुलाब करायला लागलं तर पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा आजार असू शकतो. त्याची लस असते, साधारण सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून देतात.

मोठं मांजर, त्यातही लठ्ठ, दोन दिवस काहीच खात नसेल तर "भूक लागली की खाईल" म्हणू नका. उपाशी मांजराच्या यकृतावर चरबी साचते आणि यकृत बंद पडतं. माणसाची गोळी तर अजिबात नको. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

दाखवायचं कुठे?

ज्याला आपण ढोरांचा दवाखाना म्हणतो, त्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजचं काम गाई-म्हशी-शेळ्यांचं असलं तरी तिथल्या डॉक्टरांची पदवी मांजरालाही लागू पडते, लाजू नका. प्रकरण मोठं असेल तर नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना मोबाइलमध्ये शीचा आणि ओकारीचा फोटो काढून न्या आणि शेवटचं काय, कधी खाल्लं ते लिहून ठेवा. मांजर पिशवीत नको, झाकणाच्या टोपलीत न्या. दवाखान्याच्या दारात कुत्रं भुंकलं की पिशवीतलं मांजर हातात राहत नाही.