दोन सारख्या ओळी

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आई सहा महिन्यांसाठी मेडनहेडला आली. चार वाजताच अंधार, त्यात आम्ही दोघंही नोकरीवर. तिचा वेळ जावा म्हणून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून सगळं मराठीत करून दिलं. दुसऱ्याच दिवशी तिचा ऑफिसात फोन, “अरे, तुझ्या संगणकाला ‘दुसऱ्या’ लिहिता येत नाही.” खरंच, मेनूत ‘दुसर्या’ होतं, ‘या’वर चक्क रफार! साताऱ्याच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला ते कसं सहन व्हावं?

मुक्त सॉफ्टवेअरचं एक बरं असतं, चूक दिसली की आपणच दुरुस्त करून पाठवता येते. भाषांतराची फाइल उतरवून घेतली. रोज रात्री जेवणं झाली की आई सांगायची, मी टाइप करायचो. तीन आठवड्यांत दोनशेच्या वर ओळी झाल्या. पाठवायला गेलो तर उत्तर आलं : मधल्या काळात फाइल बदलली आहे, तुमचे बदल ताज्या प्रतीवर ‘रिबेस’ करून द्या. केलं, आणि पडद्यावर मर्ज कॉन्फ्लिक्टची रांग लागली.

या कामाला गिट वापरतात. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं. गिट तुमची प्रत, समोरच्याची प्रत आणि दोन्ही जिच्यापासून निघाल्या ती जुनी प्रत ताडून पाहतं. एकानेच ओळ बदलली असेल तर तो बदल मुकाट्याने घेतं. दोघांनी तीच ओळ वेगवेगळी बदलली की थांबतं आणि दोन्ही ओळी खालीवर मांडून विचारतं, यातली कुठली?

माझ्यासमोर मांडलेल्या दोन्ही ओळी अगदी सारख्या होत्या. वर ‘दुसऱ्या’, खाली ‘दुसऱ्या’. अर्धा तास बघत बसलो. शेवटी वैतागून ‘अवर्स’, म्हणजे ‘आमचं ठेवा’, असं संपूर्ण फाइलीला सांगून मोकळा झालो आणि झोपलो.

सकाळी पाहतो तर आमची एकही ओळ शिल्लक नाही.

रिबेसमध्ये गिट आधी समोरच्याची प्रत पायाला घेतं आणि तुमचे बदल वर रचतं. त्यामुळे तिथे ‘आमचं’ म्हणजे त्यांचं, आणि ‘त्यांचं’ म्हणजे तुमचं! शिवाय मी अख्खी फाइल निवडली होती, त्यामुळे ज्या ओळींवर काही वाद नव्हता त्याही गेल्या. आईला सांगायचं धाडस होईना. उपाय सापडला तो संध्याकाळी पॅडिंग्टनहून परतताना, गाडी ब्रुनेलच्या विटांच्या पुलावरून थेम्स ओलांडत होती तेव्हा. एकदा कमिट केलेलं काम गिट लगेच फेकत नाही. ‘रिफ्लॉग’मध्ये त्याची नोंद असते, आणि असं सुटून पडलेलं कामही सहसा तीस दिवस तरी राहतं. घरी आल्याआल्या कोट न काढता ते परत आणलं.

मग मात्र ओळन् ओळ पाहिली. गिटला ‘डिफ३’ पद्धतीने दाखवायला सांगितलं की दोन्ही ओळींच्या मध्ये मूळ ओळही दिसते. (ही सोय आधीच चालू करून ठेवा.) मूळ ओळीत रफार होता, तो आम्हीही काढला होता आणि कोल्हापूरच्या एका स्वयंसेविकेनेही. फरक फक्त डोळ्यांना न दिसणारा. मी माझ्या जुन्या सवयीने साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण टाइप केली होती. तिने युनिकोडमधला स्वतंत्र ऱ, क्रमांक ०९३१, वापरला होता. दिसायला दोन्ही एकच, पण संगणकाच्या लेखी वेगळे शब्द. एका पद्धतीने लिहून शोधलं तर दुसरा सापडेलच असं नाही. मदतीच्या पानांत आईला अनेकदा काही मिळत नसे, त्याचं कारण तेव्हा कळलं.

तिथे तिचंच ठेवलं आणि आमच्या बाकीच्या ओळींतले ऱ्हही तसेच करून घेतले. जिथे अर्थाचा प्रश्न होता तिथे तिला पत्र लिहून विचारलं. ‘जतन करा’ की ‘साठवा’ यावर आई आणि ती आठवडाभर भांडल्या, तेही माझ्या मेलवरून. ‘जतन’ राहिलं.

बदल स्वीकारले गेले तोवर आई साताऱ्याला परतली होती. अपडेट आल्यावर तिने फोन केला आणि चहा गार होईपर्यंत मला अख्खा मेनू वाचून दाखवला.